अकरा नंबरची गारगोटी

संक्रांतीला मी लासूर स्टेशनला घरी गेले होते तेव्हा कुकरच्या शिट्ट्यांवरून भांडण झालं. आई अंगणात तीळ निवडत बसली होती आणि चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा असं तिनं नानांना बजावलं होतं. नानांनी बंद केला. जेवायला बसलो तर डाळ कच्ची. आई म्हणाली तीनच झाल्या होत्या, नाना म्हणाले चार. मी ओट्याशीच उभी होते, मलाही तीनच ऐकू आल्या होत्या. पण म्हाताऱ्या माणसाशी डाळीवरून काय हुज्जत घालायची, म्हणून गप्प बसले आणि लोणच्याशी भाकरी खाल्ली.

तिथं गप्प बसले हे माझं पहिलं चुकलं. दुसरं त्याहून मोठं होतं, ते पुढं येईलच.

माझं नाव प्रेरणा. राहते उस्मानपुऱ्यात, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आणि नोकरी शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा कंपनीत. आम्ही एक यंत्र बनवतो. डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश वस्तूवर टाकायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशाचा रंग किती बदलला ते बघायचं. प्रत्येक पदार्थ तो आपापल्या तऱ्हेनं बदलतो. याला रामन पद्धत म्हणतात. बॅगेच्या कडीला, गाडीच्या दाराला, कुणाच्या बाहीला स्फोटकाचा कणभर माग लागलेला असला तरी पडद्यावर एक शिखर उभं राहतं. गोम एवढीच आहे, की ज्या प्रकाशानं माग दिसतो त्याच प्रकाशानं तो मोडतो. तुम्ही बघत असता आणि शिखर खाली खाली येत जातं. किती सेकंदांत किती खाली येतं, हे मोजणं माझं काम. नऊ वर्षं तेच करते आहे. मला कुणी भुताच्या गोष्टी सांगायला लागलं, तर मी त्याला आधी नमुना आणायला सांगते.

नाना म्हणजे नानासाहेब, माझे वडील. तीस वर्षं त्यांनी विहिरींना सुरुंग लावले. त्यांचा ट्रॅक्टर, मागे कंप्रेसर, आणि जोडीला कडुबाकाका. दोघांत काम वाटलेलं होतं. नाना वर काठावर, काका खाली तळाशी. काका खडकात होल मारायचे, होलात सुरुंगाची दारू भरायचे, तोंड बंद करायला वर मातीचा गुल्ला ठोकायचे. एक होल भरून झालं की त्याच हातानं एक पांढरी गारगोटी उचलून नानांच्या टोपीत टाकायची. टोपी त्यासाठी बादलीत घालून खाली सोडलेली असायची. सगळी होलं भरली की टोपी वर यायची, मग वाती पेटवून काका वर यायचे. नाना टोपी मांडीवर घेऊन बांधाआड बसत. एक बार उडाला की एक गारगोटी फेकायची. आकडा कुणी मोजायचाच नाही, कारण त्या धडाक्यात आकडा डोक्यात राहत नाही. टोपी रिकामी झाली तर खाली उतरायचं. टोपीत एक जरी खडा उरला तर खाली एक बार जिवंत आहे, आणि मग विहिरीत कुणी पाय घालायचा नाही. नानांना हे त्यांच्या उस्तादानं शिकवलं होतं आणि तीस वर्षांत त्यात कधी खोट आली नव्हती.

गेल्या मे महिन्यात कडुबाकाकांच्या स्वतःच्या विहिरीचं काम चाललं होतं. गावोगावच्या विहिरी फोडल्यावर एकदाची स्वतःची. बार उडाले, नानांची टोपी रिकामी झाली, नानांनी हात केला, काका उतरले. लोखंडी सब्बल खडकात मारली आणि राहिलेला बार उडाला. घरी आणलं तेव्हा त्यांना उजवा हात नव्हता. लोकांनी दोन दिवस विहिरीत शोधला, मिळाला नाही. तसाच अग्नी दिला.

पंचनाम्यात डेटोनेटरच्या खोक्यातले पंधरा नग वापरलेले निघाले, होलाला एक म्हणजे होलं पंधरा. अपघात म्हणून फाइल बंद झाली. नानांनी ट्रॅक्टरवर ताडपत्री टाकली ती काढलीच नाही. काकांची बायको लक्ष्मीबाई, मी तिला काकू म्हणते, तिनं आमच्या घराला एका शब्दानं दोष दिला नाही. बोलणं मात्र बंद केलं. रस्त्यात दिसली तर पदर सारखा करून पुढं जायची. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं, असं आई म्हणायची.

संक्रांतीच्या त्या दुपारी, कच्ची डाळ बाजूला सारून झाल्यावर, नानांनी मला आत बोलावलं. लोखंडी पेटी उघडली. तळाशी त्यांची टोपी होती, तोंड दोरीनं आवळलेली. आत गारगोट्या.

"तुझं मशीन दारू वळखतं ना?" नाना म्हणाले.

मी म्हणाले, ओळखतं.

"आठ महिन्यांची?"

मी म्हणाले, बहुतेक.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. त्या संध्याकाळी नानांनी फेकलेल्या गारगोट्या जमिनीवरून वेचल्या होत्या. ते रान गारगोट्यांनी भरलेलं. टोपीतल्या कुठल्या आणि रानातल्या कुठल्या हे त्यांना कळेना, म्हणून आसपासच्या सगळ्या उचलल्या. अठरा भरल्या. "कडुबाच्या हाताची दारू ज्या खड्याला आसंल त्यो टोपीतला," नाना म्हणाले. "मोज तू. चौदा निघाले तर कडुबा एक टाकायचा इसरला. पंधरा निघाले तर त्यानं बराबर टाकले व्हते, आन म्या एका आवाजाला दोन फेकले. मंग म्या मारला त्याला."

आठ महिने हा माणूस रोज अर्धी भाकरी खात होता, त्याच्यामागं हा हिशेब होता तर. मी गारगोट्या रुमालात बांधून पर्समध्ये घातल्या, रिकामी टोपी त्यांच्या पेटीत ठेवली आणि त्याच संध्याकाळी शहरात परतले.

कंपनीत लेसरचं सगळं केयूर बघतो. हुशार आहे आणि तोंडानं कमी बोलतो, म्हणून माझं त्याच्याशी जमतं. त्याला मी खरं काय ते सांगितलं. त्यानं लगेच शंका काढली: शेतातला दगड, त्याला खतातलं नायट्रेट लागलेलं असणार, ते कसं वेगळं करायचं? शंका रास्त होती. पण विहिरीच्या दारूत तेल असतं, त्याची वेगळी खूण दिसते. दुसरं म्हणजे काका गारगोटी चिमटीत धरायचे. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला बोट. नुसतं कुठून लागलेलं असेल तर ते कसंही लागेल, ठसा उमटणार नाही. आम्ही अठरा गारगोट्यांच्या खालच्या बाजूला बारीक मार्करनं नंबर टाकले. आकड्याखाली एक रेघ ओढायची मला सवय आहे.

दोन दिवस लागले. एकेका गारगोटीवरून प्रकाशाचा ठिपका हळूहळू फिरवायचा आणि कुठं काय दिसतं त्याचा नकाशा काढायचा. पहिला नकाशा पडद्यावर पूर्ण झाला तेव्हा मी खुर्चीतून उठले आणि बाहेर जाऊन पाणी पिऊन आले. अंगठ्याचा ठसा होता, आणि त्यातून तिरकी एक कोरी रेघ गेलेली होती. मी सात वर्षांची असताना कडुबाकाका मला उसाचं कांडं सोलून देत होते. कोयता डाव्या अंगठ्यात घुसला. रक्त गळत असतानाही त्यांनी कांडं पूर्ण सोललं, माझ्या हातात दिलं, आणि मग अंगठा तोंडात घातला. तो व्रण शेवटपर्यंत होता. मी तो पुन्हा बघेन असं मला वाटलं नव्हतं. मी खूप रडले, आणि केयूर बिचारा उगाचच एक केबल काढून पुन्हा जोडत बसला.

चार, नऊ आणि अठरा नंबर कोरे निघाले. उरलेल्या सगळ्यांवर ठसा होता.

पंधरा.

मी तीनदा मोजलं. मोजायला काय, सहा मिनिटांचं काम. केयूर घरी गेल्यावर मी एकटी बसून राहिले. माझ्यासमोर नाना होते, पेटी उघडून बसलेले. हे ऐकलं तर हा माणूस उरलेली अर्धी भाकरीही सोडेल, एवढंच मला कळत होतं. आणि काय करायचं तेही कळत होतं, कारण नऊ वर्षं मी दुसरं काही केलेलंच नाही. अकरा नंबरचा ठसा सगळ्यांत फिका होता. ती गारगोटी मी यंत्रात ठेवली, प्रकाश पूर्ण ताकदीवर नेला आणि ठिपका त्या ठशावरून फिरवत राहिले. आधी बोटाची बाजू, मग अंगठ्याची. चाळीस मिनिटं लागली. शिखर बसत गेलं, बसत गेलं, आणि शेवटी गारगोटीचं स्वतःचं शिखर तेवढं उरलं. व्रणाची रेघ सगळ्यांत शेवटी गेली.

मी नानांना फोन करून सांगितलं, चौदा.

मग नाना म्हणाले, "कडुबा इसरला म्हन की." आणि फोनवर हुंदका आला. माझ्या बापाला मी त्याआधी रडताना ऐकलं नव्हतं. आईनं नंतर सांगितलं की त्या रात्री ते दोन भाकरी जेवले आणि दुसऱ्या दिवशी दाढी करून पारावर गेले. माझा जीव भांड्यात पडला. मेलेल्या माणसावर आळ घातला याची लाज वाटली, नाही असं नाही. पण काका आपलेच, त्यांनी समजून घेतलं असतं, असं मी मनाला सांगितलं.

दोन दिवसांनी सकाळी सगळ्या गारगोट्या बंद करून ठेवायच्या होत्या. कामाची शिस्त म्हणून मी एकदा शेवटचं बघून घेतलं. अकरा नंबरवर ठसा होता.

आधी मी स्वतःलाच शिव्या घातल्या. हातमोजे बदलले नसतील, डबी पुसली नसेल, गारगोटीच्या भेगेत काही राहिलं असेल. पुन्हा चाळीस मिनिटं प्रकाश टाकला, कोरी केली. नव्या डबीत घालून कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये. दुसऱ्या सकाळी ठसा परत होता. आदल्या दिवसापेक्षा ठळक. अंगठा, बोट, तिरकी रेघ.

हे बारा दिवस चाललं. रोज सकाळी नऊला मी कुलूप काढायची, ठसा बघायची आणि मोडायची. कपाट उघडलं की मुरमाचा ओला वास यायचा, विहिरीच्या तळाशी येतो तसा. त्यात तंबाखू-चुन्याचा. आमच्या प्रयोगशाळेत बाहेरची चप्पलसुद्धा चालत नाही. मी वासाची नोंद केली नाही. कुठल्या रकान्यात करणार होते? मला रागही यायचा. तुमच्या मित्राला मी वाचवते आहे आणि तुम्ही रोज येऊन पुरावा देता, असं मी एकदा त्या डबीला मोठ्यानं बोलले. मी, प्रेरणा, एका डबीशी भांडत होते.

सातव्या की आठव्या दिवशी केयूरला दाखवावंच लागलं. त्यानं तासभर आकडे बघितले. प्रकाशानं किंवा काळानं माग मोडला की त्याचे तुकडे उरतात, जुन्या मागात ते दिसतातच. इथं एकही तुकडा नव्हता. हा स्पर्श आठ महिन्यांचा नव्हता, काही तासांचा होता. केयूरनं चष्मा काढून पुसला.

"मॅडम, ये कौन है?" तो म्हणाला.

एरवी तो माझ्याशी हिंदी बोलत नाही. मी डबी कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्या दिवसापासून तो सकाळी माझ्यानंतर यायला लागला.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आईचा फोन आला. नानांनी ट्रॅक्टरवरची ताडपत्री काढली होती. कंप्रेसर धुऊन ऑइल घातलं होतं. कडुबाकाकांची विहीर अर्धवट राहिली आहे, ती आपणच पुरी करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. लक्ष्मीकाकूच्या दारात जाऊन तसं सांगून आले. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही, तांब्याभर पाणी आणून ठेवलं एवढंच. आईला लई बरं वाटलं होतं. खाली उतरायला साहेबराव नावाचा गडी ठरला होता, चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप.

मी नानांना फोन लावला. तुमचं वय झालं, दुसऱ्या कुणाला सांगा, पैसे मी देते, असं काय काय बोलले. मला कुकरच्या शिट्ट्या आठवत होत्या. तीन झाल्या होत्या आणि नानांना चार ऐकू आल्या होत्या. धडाक्यांत तीस वर्षं काढलेल्या कानांत एकाचे दोन वाजतात, हे मला आता सांगायचं होतं. पण ते सांगायचं तर दुसरंही सांगावं लागलं असतं.

"तूच म्हनलीस ना चौदा?" नाना म्हणाले. "मंग माजं कुटं चुकलं? आता नको आडवू बाई."

मी नाही अडवलं. हे माझं तिसरं.

बार लावायचा दिवस गुरुवार होता. त्या सकाळी मी कपाट उघडलं तर वास नव्हता. डबी जागेवर होती, झाकण लावलेलं. आत अकरा नंबर नव्हता. मी बाकीच्या सतरा मोजल्या. कपाटामागं, यंत्राखाली, कचऱ्याच्या पिशवीत सगळीकडं शोधलं. केयूर आला, त्यानं बाहेरच्या कॅमेऱ्याचं चित्रण काढलं. रात्रभरात दाराजवळ कुणी फिरकलं नव्हतं. तीन वाजेपर्यंत आम्ही शोधत होतो. मी जमिनीवर बसलेली होते आणि एकदम मला आठवलं की खडा म्हणजे काय असतं.

तो पुरावा कधीच नसतो. टोपीतला खडा एवढंच सांगतो, की एक बाकी आहे, खाली उतरू नका. कडुबाकाका तीस वर्षं नानांना हेच सांगत होते. बारा दिवस त्यांनी मला सांगितलं आणि मी रोज सकाळी ते पुसत होते.

नानांचा फोन बंद लागला. बार भरायला घेतला की ते फोन बंद करून ट्रॅक्टरच्या पेटीत टाकतात. मी गाडी काढली. शेंद्रा शहराच्या एका टोकाला, लासूर दुसऱ्या. जालना रोडवरचे सगळे सिग्नल मला लाल मिळाले. माळीवाड्यापाशी उसाच्या ट्रॉल्या अडकलेल्या. मी मोठ्यानं रडत गाडी चालवत होते आणि कुणी बघतंय याची फिकीर नव्हती.

विहिरीवर पोचले तेव्हा पाच वाजले होते. धूर वर येत होता, दारूचा उग्र वास होता. बांधावर लोक उभे होते. विहिरीच्या वाटेवर नाना आडवे उभे होते, उघड्या डोक्यानं, टोपी छातीशी धरून. समोर साहेबराव, कमरेला दोर.

साहेबराव वैतागला होता. मी आल्यावर मलाच सांगायला लागला. होलं बारा भरली, स्वतःच्या हातानं बारा खडे टाकले. नानांनी फेकलेले बारा हे इथं पडलेत, मोजून घ्या. मग टोपीतला हा तेरावा आला कुठून? नानांच्याच खिशातला पडला असेल. अर्धा तास झाला, उजेड जायच्या आत खाली बघायला पाहिजे.

"टोपीत खडा हाय," नाना म्हणाले. "खडा हाय तवर कुनी उतरायचं नाय."

साहेबरावनं दोर आवळला आणि नानांना बाजूला करायला हात पुढं केला.

तेव्हा विहीर वाजली.

पायाखालची जमीन हलली. काठावरून मुरमाचा लोट वर गेला आणि आमच्या सगळ्यांच्या अंगावर पडला.

कुणीतरी गुरं सोडली होती, ती ओरडत पळाली.

साहेबराव होता तिथंच खाली बसला. कमरेचा दोर सोडायला त्याला जमेना.

नाना माझ्याकडं वळले. त्यांनी टोपीतली गारगोटी काढून माझ्या हातावर ठेवली. ती ओली होती. मी उलटी केली. खाली बारीक मार्करनं अकरा लिहिलेलं होतं आणि आकड्याखाली माझी रेघ होती.

नानांनी तो आकडा वाचला. मग जमिनीवरच्या बारा खड्यांकडं बघितलं. बार अकराच उडाले होते आणि खडे बारा फेकले होते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"एका आवाजाला दोन टाकले म्या," ते म्हणाले. टोपी उलटी करून झटकली आणि म्हणाले, "तवाबी टाकले आसतील. खरं सांग पोरी. पंधरा व्हते ना?"

"व्हय नाना."

ते रडले नाहीत. त्यांनी चापट मारली तरी चालेल असं तोंड करून मी उभी होते, पण त्यांनी हात उचलला नाही. एवढंच म्हणाले, की आठ महिने म्या सवताला विचारत व्हतो, तू एका दमात सांगितलं आसतंस तर कडुबाचं नाव तरी चांगलं ऱ्हायलं आसतं. मग ते सावकाश चालत लक्ष्मीकाकूच्या घराकडं निघाले. घर शेतातच आहे, विहिरीपासून शंभर पावलांवर. मी मागं गेले.

काकू ओट्यावर उभी होती. नानांनी टोपी तिच्या पायापाशी ठेवली आणि खाली बसले.

"वैनी, कडुबा इसरला नव्हता. चूक माजी व्हती."

काकूनं पदर सारखा केला. पण या वेळी ती आत गेली नाही. नऊ महिन्यांत पहिल्यांदा आमच्याशी बोलली, आणि रोज बोलत असल्यासारखी बोलली. "मला म्हाईत हाय भावजी. त्यांनी कवाच सांगितलं. नानाचे कान गेले म्हनले, एकाचे दोन ऐकतोय. एक खडा जास्तीचा टाकाया लागंल."

नानांनी मान वर केली. कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं नाही. मीही नाही. घरात एकच ताट मांडलेलं मला दारातून दिसत होतं, आणि ताटात डाव्या बाजूला भाजी वाढलेली. उजव्या हातानं जेवणाऱ्याला भाजी डावीकडं कुणी वाढत नाही.

काकू माझ्याजवळ आली. माझ्या मुठीत गारगोटी होती, ती तिनं मूठ न उघडता बाहेरूनच चाचपली. माझ्या डोक्यावरची माती झटकली. आमचं मशीन प्रकाशानं चालतं हे गावात कुणाला माहीत नव्हतं. नानांनाही मी फक्त मशीन दारू ओळखतं एवढंच सांगितलं होतं.

"त्या खड्यावर रोज उजेड पाडतीस म्हनं तू," काकू म्हणाली. "नको पाडू बाई आता. त्यांची बोटं भाजत्यात. मी रोज तूप लावती, पन रोजच्या रोज कुटं उतार पडतोय."